दाराबाहेरचे चौरस फूट

रिडेव्हलपमेंटची मीटिंग कधी शेवटपर्यंत बसून ऐकलीय का? मुंबई घ्या, ठाणं घ्या, डोंबिवली घ्या, आता तर पुण्यातही तेच, प्रश्न सगळीकडे ठरलेले. कार्पेट (घराच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ) किती वाढवून देणार, कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारा एकरकमी निधी) किती, भाडं किती महिन्यांचं आगाऊ, पार्किंग स्टॅकचं की साधं, आणि बिल्डर मधेच पळाला तर काय. प्रश्न सगळे रास्तच आहेत. ज्या घराने १६० फुटांत दोन पिढ्या काढल्या त्याला ५०० फुटांचं मोल बाहेरच्याने शिकवायची गरज नाही. पण दाराबाहेर पाऊल टाकल्यावर लिफ्टपर्यंत जे काय असणार आहे ते किती रुंद, तिथे खिडकी आहे का, एका मजल्यावर किती घरं, एखादं म्हातारं माणूस तिथे खुर्ची टाकून बसू शकेल का, हे विचारणारा एक माणूस मला अजून भेटलेला नाही. आणि मग पझेशन मिळून वर्ष-दोन वर्षं झाली की तीच मंडळी सुरू होतात, इथे कोणी कोणाला विचारत नाही, माणुसकी राहिली नाही, चाळीत कसं सगळे एकमेकांच्या हाकेला धावायचे.

अहो पण माणसं तीच आहेत ना! बऱ्याच ठिकाणी तर शेजारीही तेच आहेत, आधी आडवे राहत होते आता उभे रचलेत एवढंच. दोन-तीन वर्षांत एवढ्या सगळ्यांची माणुसकी एकदम कशी आटेल? बदलला तो नकाशा, आणि नकाशा बदलला की कोण कोणाला दिवसातून किती वेळा सहज दिसतं हे बदलतं. ओळख होते ती या सहज दिसण्यातून. मुद्दाम भेटायला जायचं म्हटलं की फोन करावा लागतो, काहीतरी कारण लागतं, तिकडे चहा ठेवावा लागतो, आणि ते रोज होत नाही.

यावर अभ्यास काही कमी झालेला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत एमआयटीच्या लग्न झालेल्या विद्यार्थ्यांसाठी वेस्टगेट नावाची वसाहत होती, तिथे लिऑन फेस्टिंगर, स्टॅनली शॅक्टर आणि कर्ट बॅक या तिघांनी कुणाची कुणाशी मैत्री आहे ते तपासलं, १९५० साली ते छापून आलं. दुमजली इमारती, एका मजल्यावर पाच घरं. कुणाला कुठलं घर मिळेल हे त्याच्या हातात नव्हतं, म्हणजे मित्र बघून घर घेतलं असा प्रकार नाही. तर अगदी लागून दार असलेल्यांमधल्या ४१ टक्के जणांनी एकमेकांना जवळचे मित्र म्हणून सांगितलं, एक घर सोडून राहणाऱ्यांत हे प्रमाण २२ टक्के, आणि त्याच मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत फक्त १० टक्के. दोन टोकं म्हणजे केवढी लांब, तर पाच दारं! अजून एक गंमत म्हणजे खालच्या मजल्यावर ज्यांची घरं जिन्याच्या पायथ्याशी होती त्यांच्या वरच्या मजल्यावर जास्त ओळखी निघाल्या, कारण वरचे लोक येता-जाता त्यांच्या दारावरून जायचे. स्वभाव, संस्कार वगैरे मधे कुठे आलंच नाही, जिना कुठे काढला त्यावर मैत्री ठरली.

हे वाचून चाळीतल्या माणसाला अजिबात आश्चर्य वाटणार नाही. गिरगावातल्या चाळीची गॅलरी आठवा. लाकडी कठडा, त्यावर वाळत घातलेले कपडे, प्रत्येक दाराशी चपलांचा ढीग, आणि टोकाच्या खोलीत जायचं तर सगळ्यांच्या दारावरून जावंच लागतं, दारं उघडीच, त्यामुळे आत काय शिजतंय, कोण तापाने पडलंय, कोणाच्या मुलाचा रिझल्ट लागलाय हे न विचारता कळायचं. गॅलरीतून खाली चौक दिसायचा, चौकात पोरं खेळायची आणि वर भाजी निवडणाऱ्या बायकांचं लक्ष आपोआप असायचं, स्वतःच्या पोरावर आणि दुसऱ्याच्याही. शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्सने १९६१ मध्ये न्यूयॉर्कबद्दल लिहिलं की रस्ता सुरक्षित राहतो तो मुख्यतः त्यावर असलेल्या लोकांच्या नजरेमुळे, पोलिसांचा नंबर नंतर. आपल्याकडे हे काम गॅलरीतल्या आजी फुकटात करत होत्या.

आता यापुढे चाळीच्या आठवणींचा जो पूर येतो ना, त्यात मला वाहून जायचं नाहीये. कारण चाळीत सगळं गोडच होतं हे अर्धसत्य आहे.

वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या बीडीडी चाळी घ्या. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या, दोनशेच्या वर इमारती, तळमजला अधिक तीन, मजल्यावर २० खोल्या, म्हणजे एका इमारतीत ८० बिऱ्हाडं. त्यात गिरगावसारखी उघडी गॅलरी नाहीच, मधून अंधारा पॅसेज आणि दोन्हीकडे खोल्या, संडास सामायिक. सकाळी बादली घेऊन रांगेत उभं राहणाऱ्या बाईला विचारा एकोपा म्हणजे काय. आणि वस्ती सगळी मिसळलेली होती असंही नाही, बौद्धांच्या चाळी वेगळ्या, मराठ्यांच्या वेगळ्या अशी साधारण विभागणी होती. जानेवारी १९७४ मध्ये दलित पँथरच्या सभेनंतर याच वरळीच्या चाळींमध्ये दंगल पेटली आणि ती काही एका रात्रीत विझली नाही. दारं जवळ असली की ओळख होते हे खरं, पण कोणाची दारं कोणाजवळ येऊ द्यायची हे आधीच जातीने ठरवलेलं असेल तर गॅलरी बिचारी काय करणार. वेस्टगेटमध्ये सगळे एकाच वयाचे, एकाच कॉलेजचे, साधारण एकाच परिस्थितीतले होते हे विसरून तो अभ्यास इथे जसाच्या तसा लावता येत नाही.

आणि दुसरी गोष्ट बायकांची. माझी एक मावशी चाळीतून टॉवरमध्ये गेली, सतराव्या मजल्यावर. मला वाटलं आता ही रडगाणं गाणार. तर म्हणाली, "दार लावता येतं रे इथे! सून जीन्स घालून गेली तरी बारा जणींना उत्तर द्यावं लागत नाही." मग जरा थांबून म्हणाली, दुपारी तीन ते सहा मात्र खायला उठतं घर. मला तरी या दोन वाक्यांत हा अख्खा वाद आला असं वाटतं. तिला दार लावायचं स्वातंत्र्य हवंय आणि दार उघडून बाहेर यायला काहीतरी जागाही हवीय, चाळीने पहिलं दिलं नाही आणि टॉवरने दुसरं दिलं नाही.

संशोधनातही ही दुसरी बाजू आहे. १९७० च्या दशकात अँड्र्यू बॉम आणि स्टुअर्ट व्हॅलिन्स यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या एका विद्यापीठाची हॉस्टेलं बघितली. काही हॉस्टेलांत लांबच लांब कॉरिडॉर, तीसेक मुलांना मिळून एकच बाथरूम आणि एकच बसायची खोली, आणि काही हॉस्टेलांत चार-सहा जणांचा छोटा गट करून त्यांना त्यांचं त्यांचं. दोन्हीकडे माणशी जागा जवळपास सारखीच. तरी लांब कॉरिडॉरवाली मुलं गर्दीची तक्रार जास्त करायची, लोकांना टाळायची, आणि प्रयोगासाठी अनोळखी माणसासोबत बसवलं तर लांब खुर्ची धरायची. कारण सरळ आहे, रोज तीस जणांशी नको असताना गाठ पडते, कोण कधी समोर येईल यावर काही ताबा नाही, मग माणूस मान खाली घालून चालायला शिकतो. म्हणजे नुसती सामायिक जागा ठेवून भागत नाही, ती किती जणांत सामायिक आहे तिथे सगळी मेख आहे. सहा-आठ घरांमध्ये एक मोकळी जागा असेल तर ती आपली वाटते, ऐंशी घरांत एक असेल तर ती कोणाचीच नसते, आणि चारशे घरांत एक पोडियम गार्डन (पार्किंगच्या मजल्यांच्या छतावरची बाग) असेल तर तिथे फक्त नियमांचा बोर्ड असतो.

आता आपले टॉवर बघा. लिफ्टमधून बाहेर आलात की लॉबी, चारी बाजूंनी भिंती, खिडकी नाही, दुपारी बारालाही ट्यूब लागते. लाइट सेन्सरवर. दोन बायका भाजीची पिशवी हातात धरून बोलत उभ्या राहिल्या की मिनिटाभरात अंधार, मग एकीने हात हलवायचा, परत उजेड, परत दोन वाक्यं, परत अंधार. त्या इमारतीलाच तुम्ही तिथे थांबणं मंजूर नाहीये! शू रॅक ठेवला तर कमिटीची नोटीस, खुर्ची ठेवली तर फायरवाले चालणार नाही म्हणतात (आणि त्यांचं चूक नाही, पॅसेज अडला तर आगीत माणसं मरतात). पण मूळ गोची ही की नियमात पॅसेजची रुंदी धरलेली असते ती आग लागल्यावर पळण्यासाठी, एरवी तिथे उभं राहून बोलण्यासाठी नाहीच. कमीत कमी जी लिहिली असेल तीच बांधली जाते, एक इंच जास्त नाही.

का, तर तो इंच विकता येत नाही. मुंबईत कुठल्या जागेची किती मोजणी करायची याच्या नियमांनी इमारतींचं तोंड घडवलंय. पूर्वी बाल्कनी, फ्लॉवर बेड (खिडकीबाहेरचे फुलझाडांचे कट्टे) वगैरे एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधता येईल त्या मर्यादेत, धरायचे नाहीत, तर बिल्डर लोकांनी एवढे फ्लॉवर बेड काढले की विचारू नका, फूल एक नाही, सगळे आत घेऊन बेडरूमला जोडलेले आणि विकलेले. जानेवारी २०१२ मध्ये महापालिकेने तो चोरमार्ग बंद केला, हे सगळं एफएसआयमध्ये मोजायचं ठरवलं आणि बदल्यात निवासी इमारतींना ३५ टक्के फंजिबल एफएसआय, म्हणजे हवं तसं वापरता येईल असं जादा बांधकाम, दिला. चोरी थांबवायला हे बरोबरच होतं. पण त्यातून एक झालं, प्रत्येक फूट मोजला जाणार म्हटल्यावर जो फूट घराच्या आत नाही त्याला वालीच उरला नाही. घर घेणाराही सेल्समनला विचारतो कार्पेट किती. दाराबाहेरचं कुणाच्या ब्रोशरमध्येच नाही.

गरिबांच्या इमारतींत तर याची किंमत फुप्फुसांनी मोजलीय. गोवंडी-मानखुर्द भागातल्या लल्लूभाई कंपाऊंड, नटवर पारेख कंपाऊंड आणि पीएमजी कॉलनी या तीन पुनर्वसन वसाहतींचा एक अभ्यास २०१८ मध्ये आला, डॉक्टर्स फॉर यू या संस्थेचा. इमारती एकमेकींना इतक्या चिकटून की काही ठिकाणी मधे तीन मीटर अंतर, खालच्या मजल्यांवर ऊन पोचतच नाही. जिथे इमारती अशा चिकटलेल्या तिथे टीबीचे पेशंट जास्त, जिथे अंतर बरं तिथे खूप कमी, आणि खालच्या मजल्यांवर जास्त असा तो निष्कर्ष. मग दोन इमारतींमधली ती गल्ली काय कामाला येते, तर वरून कचरा टाकायला. तिथे पोरं खेळणार नाहीत, बायका बसणार नाहीत, आणि खाली नजर टाकायचं कुणाला कारणच नाही.

ही सगळी इमारतीच्या आतली गोष्ट झाली, गेटच्या बाहेर आणखी वाईट आहे. शहररचनेचा प्राध्यापक डोनाल्ड ॲपलयार्ड याचा सॅन फ्रान्सिस्कोचा अभ्यास मला वाटतं प्रत्येक नगरसेवकाला पाठ असायला हवा. त्याने जवळजवळच्या तीन निवासी रस्त्यांवर जाऊन लोकांना विचारलं की याच रस्त्यावर तुमचे मित्र किती. एका रस्त्यावरून दिवसाला साधारण २,००० गाड्या जायच्या, दुसऱ्यावरून ८,०००, तिसऱ्यावरून १६,०००. कमी रहदारीच्या रस्त्यावर माणशी सरासरी तीन मित्र, मधल्यावर १.३, आणि तिसऱ्यावर ०.९, म्हणजे धड एकही नाही. लोकांनी 'माझं घर' म्हणून नकाशावर जो भाग दाखवला तोही रहदारी वाढली तसा आक्रसत गेला, पहिल्या रस्त्यावरचे लोक अख्खा रस्ता आपला म्हणायचे आणि तिसऱ्या रस्त्यावरचे स्वतःच्या दाराच्या आत थांबायचे. हे १९७२ मध्ये छापून आलं. ॲपलयार्ड स्वतः १९८२ मध्ये अथेन्समध्ये गाडीच्या धडकेत गेला. यावर काय बोलणार.

आपल्याकडे गाड्यांचा वेग एवढा नसेल, पण दोन्ही बाजूंना पार्किंग आणि मधून उरलेल्या पट्ट्यात हॉर्न, यात गल्लीतलं क्रिकेट कधी संपलं कळलंही नाही, आणि आपण म्हणतो पोरं मोबाइलला चिकटली. त्यात भर म्हणून पोडियम. पहिले चार-पाच मजले गाड्यांचे, म्हणजे माणसाची पहिली खिडकी रस्त्यापासून पन्नास फूट वर, आणि रस्त्याच्या बाजूला लांबलचक कंपाऊंडची भिंत. पुण्यात बाणेर-बालेवाडीकडे रात्री नऊनंतर अशा भिंतीच्या कडेने एकट्या बाईने चालून बघावं. आत सीसीटीव्ही आहे, वॉचमन आहे, गेटवर अ‍ॅप आहे, सगळं सोसायटीच्या सुरक्षेसाठी, आणि भिंतीच्या बाहेरचा रस्ता मात्र सगळ्यांनी मिळून ओसाड केलाय. याउलट जुन्या पेठेत खाली दुकान, वर घर, अकरापर्यंत कोणी ना कोणी पायरीवर असतंच, तिथून जाताना भीती वाटत नाही.

उंच इमारत म्हटली की असंच होणार, असं म्हणून हात झटकता येत नाहीत. सिंगापूरमध्ये बहुतेक लोक सरकारी उंच इमारतींतच राहतात. तिथे १९७० च्या दशकापासून इमारतींचा तळमजला मोकळा ठेवायची पद्धत रुजली, नुसते खांब आणि सावली, पार्किंग नाही. तिथे लग्नं होतात, मयतीला लोक जमतात, म्हातारे बुद्धिबळ खेळतात. लांबलचक कॉरिडॉरही त्यांनी नंतरच्या इमारतींत तोडून थोड्या-थोड्या घरांपुरते केले. आणि जातवार चाळींचा जो प्रश्न वर आला तोही त्यांना होता, वंशांचा, म्हणून १९८९ पासून प्रत्येक ब्लॉकमध्ये कुठल्या समाजाची जास्तीत जास्त किती घरं याची मर्यादा घातली. हा भाग आपल्याला पचेल का माहीत नाही, आणि सिंगापूरचं सगळंच आदर्श असंही मी म्हणणार नाही, तिथे सरकार कशात नाक खुपसत नाही ते विचारा. पण उंची आणि एकटेपणा यांची जन्मगाठ नाही एवढं तरी त्यातून दिसतं.

सिंगापूर लांब वाटत असेल तर नवी मुंबईत बेलापूरला जा. आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात आर्टिस्ट्स व्हिलेज बांधलं, त्यात सात घरांमध्ये मिळून एक अंगण, साधारण आठ मीटर बाय आठ मीटर, मग अशा तीन गटांना म्हणजे २१ घरांना मिळून त्याहून मोठं अंगण, असं वाढत वाढत मोठ्या मोकळ्या जागेपर्यंत. घरं लोकांनी नंतर पाडून हवी तशी बांधली, कुठे दोन मजले चढवले, ओळखू येत नाहीत आता, पण तो सात-सात घरांचा हिशोब जमिनीतच आखलेला असल्यामुळे अंगणं अजून तिथेच आहेत. रस्त्यावरून चालत आलात की नेमक्या कुठल्या पावलाला आपण कुणाच्या तरी अंगणात शिरलो हे समजतं, आणि कोणीतरी "कोण हवंय?" विचारतंच. वॉचमन लागत नाही. हे बैठ्या घरांना जमलं, उभ्या इमारतीत कसं करणार? करता येतं की. दर तीन-चार मजल्यांमागे एक उघडी बाल्कनीएवढी जागा, वाऱ्या-उन्हाची, लिफ्टच्या वाटेवर, तेवढ्याच मजल्यांच्या लोकांची.

आता खर्चाचा हिशोब. समजा तीन मजल्यांत मिळून २४ घरं आणि त्यांच्यात एक ३०० फुटांची मोकळी जागा. दर घरामागे साडेबारा फूट आले, एका सिंगल कॉटपेक्षा कमी. ५०० फुटांच्या घरात तेवढ्याने काही बुडत नाही. पण हे बिल्डरच्या मर्जीवर सोडलं तर कधीच होणार नाही आणि नुसतं बक्षीस म्हणून एफएसआय देऊनही होणार नाही. न्यूयॉर्कने १९६१ मध्ये तेच केलं, इमारतीपुढे प्लाझा ठेवा आणि जादा मजले घ्या. बिल्डरांनी जादा मजले घेतले आणि प्लाझा असे दिले की तिथे कुत्रं बसेना, दगड, सावली नाही, कठड्यावर टोकं. मग विल्यम व्हाइट नावाच्या माणसाने वर्षानुवर्षं कॅमेरे लावून बघितलं की लोक कुठे बसतात, आणि उत्तर काय, तर जिथे बसायला जागा आहे तिथे बसतात! हसू येतं, पण यावरून १९७५ मध्ये नियम बदलला, इतक्या फुटांच्या प्लाझामागे इतके फूट बसायची जागा पाहिजेच असं लिहावं लागलं. आपल्याकडेही नियमात 'मोकळी जागा' एवढंच लिहिलं तर ती मोकळी जागा जनरेटरच्या मागे निघेल, लिहून घ्या. किती घरांमागे, कुठल्या मजल्यावर, किती उघडी, लिफ्टच्या वाटेवर की कोपऱ्यात, सगळं आकड्यांत लिहिलं पाहिजे, आणि ती जागा एफएसआयमध्ये धरू नये पण बंद करून विकली तर ओसी (इमारतीत राहायला जायची परवानगी) अडली पाहिजे.

बीडीडीच्या पुढच्या इमारती आणि ठाण्याचं क्लस्टर (अनेक जुन्या इमारतींचं एकत्र रिडेव्हलपमेंट), यातलं बरंच अजून व्हायचंय. वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या, चाळीस मजली टॉवर, लोकांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते असायलाच हवं, शंभर वर्षांनी स्वतःचा संडास मिळाला. पण एका जागी हजारो कुटुंबं एकदम उभी चढवण्याचं काम पुढची कितीतरी वर्षं चालणार आहे, आणि एकदा स्लॅब पडला की लॉबीला खिडकी काढता येत नाही.

कमिट्यांचा शेवटचा आक्षेप नेहमी एकच असतो, अशी जागा ठेवली की टवाळ पोरं येऊन बसणार, सिगरेटी ओढणार. बसतील ना, पोरं कुठेतरी बसणारच, आता जिन्यात बसतात, जिथे कोणीच येत-जात नाही. व्हाइटनेही हेच लिहिलं होतं, नको त्या लोकांच्या भीतीने जागा सगळ्यांसाठी गैरसोयीची करून ठेवली की तिथे बाकीचे येत नाहीत आणि नको ते लोक तेवढे उरतात. उजेड असलेल्या, चार आज्या दुपारभर बसलेल्या जागेत सिगरेट पेटवून दाखवा बघू.